आधी कोण जागं होणार? कर्नलमधल्या उपकरणक्रमाचा आढावा

हसनाबादसारख्या गावात लाइट गेली आणि परत आली की किती संगणक एकाच वेळी नव्याने सुरू होतात, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. सेवा केंद्रातला राउटर, दुकानावरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, घरातला स्मार्ट टीव्ही, यांतल्या बहुतेकांच्या पोटात लिनक्सचा कर्नल असतो. खिशातला अँड्रॉइड फोनही त्याच कर्नलवर चालतो. सुरू होताना या प्रत्येकाला एक कोडं दर वेळी नव्याने सोडवावं लागतं: आपल्या अंगावर जी शेकडो लहानमोठी उपकरणं आहेत, त्यांतलं आधी कोणतं जागं करायचं आणि कोणतं मागाहून? कर्नल लिहिणारी मंडळी तीस वर्षांहून अधिक काळ या कोड्याशी झुंजत आहेत. त्यांनी काढलेल्या वाटा, त्यांतल्या कोणत्या टिकल्या आणि का, हे पाहण्यासाठी हा आढावा.

भोकरदन तालुक्यातल्या शेतकऱ्याला या कोड्याची जात ओळखीची वाटेल. थ्री-फेज आली की ऑटो लावलेल्या सगळ्या मोटारी एका दमात सुरू होतात आणि डीपीवर एकदम भार पडून ती जळते. म्हणूनच महावितरण ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवायला वारंवार सांगत असते. यात कुठलीच मोटार चुकीची वागलेली नसते. प्रत्येकीने आपल्यापुरतं बरोबर केलेलं असतं; बाकीच्यांचं काय चाललंय हे कळायची सोय मात्र तिला नसते. कर्नलमधल्या ड्रायव्हरचं दुखणं हेच आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला स्वतःची चिप पाठ असते, पण ती चिप उद्या कोणत्या बोर्डावर बसणार, कुणाच्या विजेवर आणि कुणाच्या क्लॉकवर चालणार, हे लिहिताना त्याला माहीत नसतं.

एक ओळखीचं यंत्र उदाहरणाला घेऊ. आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली आलेला आकाश-२ टॅब्लेट ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते खुला झाला. पवईत प्रा. दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागे मोठं काम उभं केलं होतं. डेटाविंडने बनवलेल्या त्या टॅब्लेटमध्ये ऑलविनर कंपनीची ए-१३ ही चिप होती. ए-१३च्या टॅब्लेटांवर विजेचा कारभार सहसा एएक्सपी-२०९ नावाची वेगळी चिप पाहते. आता नुसत्या टचस्क्रीनला जागं करायचं म्हटलं, तर तिला वीज हवी. ती वीज पॉवर चिपमधल्या एका रेग्युलेटरकडून येते. पॉवर चिपशी बोलायला आयटूसी ही दोन तारांची बस हवी. त्या बसला क्लॉक हवा आणि तिच्या दोन तारा योग्य कामाला लावून देणारा पिन कंट्रोलर हवा. टचस्क्रीन स्वतःही आयटूसीवरच असते, पण दुसऱ्या. तिची हाक प्रोसेसरपर्यंत पोहोचायला इंटरप्टची एक पिन लागते. म्हणजे बोटाचा स्पर्श ओळखू लागण्याआधी पाच-सहा जणांनी ठरावीक क्रमाने तयार व्हायला हवं. एकाचा पाय मागे पडला तर काच काळी राहते किंवा स्पर्शच उमटत नाही.

क्रमाच्या या मागणीत तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि चर्चा भरकटते ती बहुतेक वेळा त्या वेगळ्या न केल्याने. पहिली गोष्ट गरजेची: अमुक तयार असल्याशिवाय तमुक चालूच शकत नाही. दुसरी नावाची: दोन सारख्या डिस्कांपैकी पहिली कोणती म्हणायची. तिसरी घाईची: सगळं चालेल, पण मला मागचा कॅमेरा सगळ्यांत आधी हवा. पहिलीला उत्तर शोधताना कर्नलचा कस लागला, म्हणून पुढचं बरंचसं विवेचन तिच्याभोवतीच आहे.

सुरुवातीला हे सगळं सोपं होतं. डिसेंबर १९९१च्या लिनक्स ०.११मध्ये मुख्य फाइलीत ओळीने फंक्शनं बोलावलेली होती: मेमरी, ब्लॉक उपकरणं, कॅरेक्टर उपकरणं, टीटीवाय, वेळ, शेड्यूलर, बफर, मग हार्ड डिस्क आणि शेवटी फ्लॉपी. क्रम म्हणजे वरून खाली वाचायची यादी. डॉसवरही तोच प्रकार. नव्वदच्या दशकात जिल्ह्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास केलेल्यांना कॉन्फिग.सिस फाइल आठवत असेल, तीत हायमेम.सिसची ओळ ईएमएम३८६च्या वर हवी, नाहीतर वरची मेमरी हाती लागत नसे. तिथे हा क्रम सांभाळायची जबाबदारी थेट वापरणाऱ्याच्या गळ्यात होती.

आयएसए कार्डांच्या काळात कोडं किचकट झालं. त्या कार्डांना आपली ओळख सांगताच येत नसे. ड्रायव्हर एखाद्या पत्त्यावर हात घालून पाहायचा, आणि तिथे भलतंच कार्ड असलं तर ते लटकून पडायचं. एनई२००० या स्वस्त नेटवर्क कार्डाची तपासणी तर यासाठी कुप्रसिद्ध होती. म्हणून लिनक्सच्या नेटवर्क विभागात तपासण्यांची हाताने लावलेली यादी होती, आणि अमुक पत्त्यांना हात लावू नका असं बूटच्या वेळी बजावण्यासाठी ‘रिझर्व्ह’ नावाचा पर्यायही होता. तिथल्या क्रमाचा मुद्दा गरजेचा नव्हता. कोण कुणाला इजा करील, याची ती धास्ती होती.

याच सुमारास पुण्यात एक वेगळं चित्र होतं. १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० उभा केला, तो इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर. ट्रान्सप्युटरला जागं करायची एक देखणी सोय होती. रॉम नसलेला ट्रान्सप्युटर आपल्या चार दुव्यांपैकी कुठूनही पहिला बाइट येण्याची वाट पाहत बसे. तो बाइट २ किंवा त्याहून मोठा असला, तर तेवढे बाइट कोड म्हणून आत घ्यायचे आणि चालवायचे. म्हणजे शेजाऱ्याने जागं केलं की हा जागा होणार, मग हा पुढच्या शेजाऱ्याला जागं करणार. क्रम तारांच्या जोडणीतच रुजलेला. वेगळा लिहायची गरज नाही. जोपर्यंत जागं करणारा आणि गरज भागवणारा एकच असतो, तोपर्यंत या पद्धतीला तोड नाही.

पुढे युनिक्सच्या घराण्यातल्या कर्नलांनी हीच कल्पना बसच्या झाडासाठी वापरली. प्रोसेसरखाली पीसीआय, त्याखाली यूएसबीचा कंट्रोलर, त्याखाली हब, त्याखाली पेनड्राइव्ह. बाप तयार झाल्याशिवाय लेक दिसतच नाही, त्यामुळे क्रम आपोआप बरोबर येतो. १९९३मध्ये क्रिस टोरेकने ४.४बीएसडीसाठी नव्याने रचलेली उपकरणांची मांडणी याच पायावर उभी होती आणि नेटबीएसडीने ती पुढे नेली. लिनक्समध्ये पॅट्रिक मोशेलने २.५च्या विकासात, २००१-०२च्या सुमारास, जे ड्रायव्हर मॉडेल आणलं त्यातही झाडच होतं. घरच्या पीसीपुरतं ते पुरेसं होतं, कारण पीसीत वीज, क्लॉक आणि पिना यांचा बंदोबस्त बायॉस आधीच करून ठेवतो.

मोबाइलच्या चिपांनी ही समजूत मोडली. तिथे टचस्क्रीनचा बाप आयटूसी बस असते, पण वीज देणारा भलत्याच फांदीवर, क्लॉक देणारा तिसऱ्याच फांदीवर. गरजांचे धागे झाडाला आडवे छेदत जातात. झाडाच्या जागी जाळं आलं, आणि कर्नलच्या हातात मात्र झाडच राहिलं. पुढच्या सगळ्या धडपडीचं मूळ मला इथे दिसतं.

जाळं हाताळायचं साधन नव्हतं, म्हणून मधल्या काळात हातानेच ठिगळं लावली गेली. लिनक्स २.४च्या काळात कर्नलमध्ये अंगभूत असलेल्या ड्रायव्हरांचा क्रम लिंकरने त्यांना ज्या क्रमाने जोडलं त्यावर ठरत असे. म्हणजे मेकफाइलीतल्या ओळी खाली-वर केल्या की यंत्राचं वागणं बदलायचं. ड्रायव्हरांच्या मुख्य मेकफाइलीत आजही तशा सूचना वाचायला मिळतात: जीपीआयओ, म्हणजे सर्वसाधारण कामाच्या पिना, पिन कंट्रोलरच्या नंतर यायला हव्यात, रेग्युलेटर लवकर हवेत कारण बाकीचे त्यांच्यावर विसंबतात. मला त्या टिपा कर्नलमधल्या सगळ्यांत बोलक्या ओळी वाटतात. कुणाला तरी खरी गरज कळलेली होती. ती नोंदवायला योग्य जागा नव्हती, म्हणून ती मेकफाइलीच्या समासात लिहिली गेली.

२.५मध्येच इनिटकॉलचे, म्हणजे सुरू होताना बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनांचे, स्तर आले. कोअर, पोस्टकोअर, आर्च, सबसिस्टिम, फाइलसिस्टिम, डिव्हाइस, लेट अशी उतरंड. साध्या ड्रायव्हरची जागा डिव्हाइस या स्तरावर. ढोबळ कामाला ही उतरंड उत्तम आहे आणि आजही ती तशीच आहे. आयटूसीची चौकट आयटूसी वापरणाऱ्यांच्या आधी यायला हवी, एवढं ती नेटकं सांभाळते. बिघडलं ते ड्रायव्हरांनी या शिडीवर वर सरकायला सुरुवात केल्यावर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप चिपांचा आयटूसी ड्रायव्हर सबसिस्टिमच्या स्तरावर बसवला गेला, कारण बाकीच्यांना उभं करायला आयटूसी लागू शकते. त्याच्या शेजारी तशी टीपही आहे. मग रेग्युलेटरवाले वर सरकले, मग त्यांच्या आधीचे. पण स्तर सात-आठ, आणि साखळी कधी कधी त्याहून लांब. शिवाय एका बोर्डावर जो पुरवठादार असतो, तो दुसऱ्या बोर्डावर गिऱ्हाईक असू शकतो. त्याला कायमचा एकच स्तर देणं मुळातच चूक होतं.

इतरांनीही अशाच पायऱ्या बांधल्या. विंडोज एनटीने ड्रायव्हरांना बूट, सिस्टिम, ऑटो, मागणीनुसार असे वर्ग दिले आणि रजिस्ट्रीत गटांचा क्रम लिहिला. फ्रीबीएसडीत टेरी लॅम्बर्टने १९९५मध्ये सिसइनिट आणलं, ज्यात प्रत्येक कामाला उपप्रणाली आणि तिच्यातला क्रमांक अशी दोन अंगं असतात. नंतर त्याच फ्रीबीएसडीने बसवरची तपासणी अनेक फेऱ्यांत करायची सोय केली: आधी बस, मग इंटरप्ट, मग टायमर, मग सामान्य उपकरणं. ॲपलच्या आयओकिटमध्ये एखादी सेवा दुसरी सेवा प्रकट होण्याची वाट पाहू शकते. या शेवटच्या कल्पनेत पुढच्या उत्तराचं बीज होतं.

उत्तराला आधी कच्चा माल हवा होता, तो म्हणजे कोणाला कोण लागतं याची वाचता येईल अशी नोंद. मोबाइलच्या चिपांच्या, म्हणजे एआरएमच्या, जगात ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी वेगळ्या सी फाइलीत गाडलेली असे. त्या पसाऱ्यावर लिनस टोरवाल्ड्‌स मार्च २०११मध्ये जाहीरपणे भडकले, आणि एआरएमची मंडळी डिव्हाइस ट्रीकडे वळली. ही पद्धत १९९४च्या ओपन फर्मवेअर मानकातून आलेली आणि पॉवरपीसीवर आधीच रुळलेली. बोर्डाचं वर्णन कोडाबाहेर, साध्या मजकुरात. टचस्क्रीनच्या नोंदीत तिची वीज कुणाकडून, इंटरप्ट कुणाकडे, रिसेटची पिन कोणती, याचे थेट संदर्भ.

आकाशच्या ऑलविनरने मात्र तेव्हा स्वतःची निराळी वाट धरली होती. त्यांच्या कर्नलसाठी फेक्स नावाची मांडणी होती. पिना, व्होल्टेज, पडद्याची मापं हे सगळं तीत लिहिलेलं असे. वरवर पाहता हेतू तोच. पण ती मांडणी फक्त त्यांच्याच कर्नलला वाचता येई, आणि कोण कुणावर अवलंबून हे सांगायची सर्वमान्य रीत तीत नव्हती. २०१३मध्ये लिनक्स ३.८पासून या घराण्याच्या चिपा मुख्य प्रवाहात येऊ लागल्या, तेव्हा सनशी नावाने काम करणाऱ्या स्वयंसेवी मंडळींना सगळी वर्णनं डिव्हाइस ट्रीमध्ये नव्याने लिहावी लागली. स्वस्त टॅब्लेट दोन वर्षांत अडगळीत का गेले याची कारणं पुष्कळ सांगितली जातात. मला त्यांत हेही ठळक दिसतं की, त्यांच्या यंत्राचं वर्णन निर्मात्याखेरीज कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

माहिती हाती येताच ती वापरून क्रम काढावा, हे ओघाने यायला हवं होतं. झालं निराळंच. ग्रँट लाइकलीने २०१२मध्ये, लिनक्स ३.४मध्ये, त्याहून साधी युक्ती आणली: प्रोब, म्हणजे ड्रायव्हरने आपलं उपकरण तपासून ताब्यात घेणं, पुढे ढकलणं. ड्रायव्हरने लागणारी वीज मागितली आणि देणारा अजून आलेला नसला, तर त्याने ५१७ क्रमांकाची चूक परत करून बाजूला व्हायचं. कर्नल त्याला थांबलेल्यांच्या यादीत टाकतो. दुसरं कुठलंही उपकरण यशस्वी झालं की थांबलेल्या सगळ्यांना पुन्हा एकदा संधी मिळते. क्रम कुणी ठरवत नाही. धडपडत का होईना, तो लागतो.

या युक्तीला कमी लेखणारे मला भेटले आहेत. मी तिच्या बाजूने आहे. तिने एका फटक्यात शिडीवर वर चढण्याची शर्यत निरर्थक केली, आणि डिव्हाइस ट्री अर्धवट असली तरी ती चालते. पण किंमतही मोठी होती. दहा गोष्टींपैकी नऊ मिळवून दहावीला अडलेल्या ड्रायव्हरला आधीच्या नऊ नीट परत कराव्या लागतात, आणि ही परतीची वाट अनेकांनी कधी तपासलेलीच नव्हती. बूटच्या नोंदी खोट्या चुकांनी भरून गेल्या. त्यासाठी २०२०मध्ये आंद्रझे हाय्दाने वेगळं सहायक फंक्शन आणलं, जे ढकललेल्या प्रोबबद्दल गप्प बसतं आणि कारण मात्र लिहून ठेवतं. सगळ्यांत वाईट म्हणजे, देणारा कधीच येणार नसेल तर काय, याला या पद्धतीत उत्तर नाही. जो वाट पाहतोय आणि ज्याची वाट पाहून उपयोग नाही, ते दोघंही सारखेच दिसतात.

मधल्या वर्षांत डिव्हाइस ट्रीवरून थेट क्रम काढायचे प्रयत्न झाले. अलेक्झांडर होलरने २०१४मध्ये गरजांचा आलेख बांधून त्यावरून ड्रायव्हरांचा क्रम आधीच ठरवायचं सुचवलं. टोमेयू विझोसोने २०१५मध्ये उलट बाजूने हात घातला: ज्या क्षणी कुणी रेग्युलेटर मागेल, त्याच क्षणी त्याला जागं करायचं. दोन्ही कल्पना मुख्य प्रवाहात शिरल्या नाहीत. आक्षेप पोकळ नव्हते. वर्णनात प्रत्येक प्रकारच्या संदर्भाचा अर्थ निराळा असतो; काही संदर्भ सक्तीचे असतात, काही ऐच्छिक, काही नुसती माहिती देणारे. त्यांतला कोणता कसा हे न ओळखताच कर्नलने क्रम लावला, तर चालणारी यंत्रं बंद पडतील, ही भीती खरी होती.

वाट सापडली ती दुसऱ्याच दाराने, झोपेच्या. फोन किंवा लॅपटॉप झोपवताना क्रम उलटा लागतो: आधी टचस्क्रीन झोपली पाहिजे, मग तिला वीज देणारा. जागं होताना पुन्हा सुलटा. प्रोब पुढे ढकलला की कर्नल त्या उपकरणाला झोपेच्या यादीत शेवटी सरकवत असे, पण चालू वापरात लागणारा आधार त्यातून कळत नव्हता. राफाएल वायसॉकीने डिव्हाइस लिंक ही सोय बांधली आणि ती फेब्रुवारी २०१७च्या लिनक्स ४.१०मध्ये आली. आता दोन उपकरणांमध्ये पुरवठादार आणि गिऱ्हाईक असं नातं नोंदवता येऊ लागलं, आणि उठणं, झोपणं, बंद होणं सगळीकडे ते पाळलं जाऊ लागलं. झाडाच्या जोडीला कर्नलला अखेर जाळं मिळालं.

आता लागत होता तो, ती नाती डिव्हाइस ट्रीमधून आपोआप भरणारा. ते काम गूगलच्या सारवना कण्णनने केलं. निकड अँड्रॉइडची होती. गूगलला सगळ्या फोनांवर एकच सामाईक कर्नल हवा होता. अँड्रॉइड १२ आणि ५.१० कर्नलपासून ती दिशा पक्की झाली. सामाईक कर्नल म्हणजे चिपनिर्मात्याचे ड्रायव्हर सुटे मॉड्यूल होणार. मॉड्यूलांचा क्रम एका यादीत लिहिता येतो, पण मेकफाइलीची शिस्त आणि इनिटकॉलची शिडी, दोन्ही तिथे गळून पडतात. क्लॉक आणि रेग्युलेटरसुद्धा मॉड्यूल झाल्यावर जुनी ठिगळं उघडी पडली.

फर्मवेअर डेव्हलिंक नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा जानेवारी २०२०च्या लिनक्स ५.५पासून टप्प्याटप्प्याने आली. डिव्हाइस ट्रीतले क्लॉक, रेग्युलेटर, जीपीआयओ असे ओळखीचे संदर्भ ती वाचते, पुरवठादाराचा ड्रायव्हर बसेपर्यंत गिऱ्हाइकाचा प्रोब सुरूच करत नाही, आणि झोपेचा क्रमही त्यातूनच मिळवते. लिनक्स ५.१२मध्ये ती सगळ्यांसाठी सक्तीची करायचा प्रयत्न झाला आणि प्रकाशनाआधीच मागे घेतला गेला, कारण पुष्कळ बोर्ड बूटच होईनात. जून २०२१च्या ५.१३मध्ये दुरुस्त्यांसह ती मूळ सेटिंग म्हणून राहिली. ही सक्ती योग्य होती असं मी ठामपणे म्हणेन. वर्णनातल्या चुका वर्षानुवर्षं झाकून राहिल्या होत्या, कारण कुणी ते वर्णन मनावर घेऊन वाचतच नव्हतं.

याच कामातून निघालेली सिंक-स्टेट ही सोय मला तितकीच महत्त्वाची वाटते. बूटलोडर काही रेग्युलेटर आणि क्लॉक चालू ठेवूनच कर्नलच्या हाती यंत्र देतो. पडद्यावर कंपनीचं चिन्ह दिसतं ते त्यांच्या जोरावर. पूर्वी कर्नल बूट संपताना, ज्यांना कुणी मागितलेलं नाही त्यांना बंद करायचा. पडद्याचा ड्रायव्हर मॉड्यूल असल्याने उशिरा येणार असेल, तर पडदा मध्येच विझायचा. रेग्युलेटरवाल्यांनी यावर तीस सेकंद थांबण्याचा उपाय केला होता, आणि तो घड्याळाचा उपाय होता. तीस सेकंदांनंतर आलेल्याला त्याचा उपयोग नाही. सिंक-स्टेटमध्ये पुरवठादाराला निरोप जातो तो त्याची सगळी गिऱ्हाइकं तयार झाल्यावर. काळ मोजणं सोडून नातं मोजणं, हा फरक आहे.

जाळं म्हटलं की त्यात फेरेही येतात. क्वालकॉमच्या फोनचिपांमध्ये पडद्याच्या फायकडून, म्हणजे पडद्याकडे संकेत पाठवणाऱ्या भागाकडून, पडद्याच्या क्लॉक कंट्रोलरला क्लॉक मिळतो, आणि त्याच फायला चालायला त्या कंट्रोलरकडून दुसरा क्लॉक लागतो. हार्डवेअरमध्ये यात काही विसंगत नाही. दोन्ही गरजा एकाच वेळी नसतात. पण नुसतं वर्णन वाचणाऱ्याला हा न सुटणारा फेरा दिसतो. एप्रिल २०२३च्या ६.३मध्ये फेरे ओळखून तेवढ्यापुरती सक्ती सैल करण्याचं काम सुधारलं. त्यानंतर वर्णनातच सांगायची सोय झाली की अमुक पुरवठादार सुरुवातीला लागत नाही, नंतर लागतो. ही दुरुस्ती कर्नलच्या हुशारीत भर घालत नाही; वर्णनाचा खरेपणा वाढवते. म्हणून ती मला अधिक टिकाऊ वाटते.

नावाचा आणि घाईचा प्रश्न थोडक्यात. आर्यान व्हॅन डे व्हेन आणि आउके कोक यांनी सप्टेंबर २००८मध्ये एका ईई पीसीवर पाच सेकंदांत लिनक्स सुरू करून दाखवला. त्या मोहिमेतून समांतर प्रोबची वाट खुली झाली आणि २०१५च्या ४.२मध्ये ड्रायव्हरला आपण समांतर चालू शकतो असं जाहीर करता येऊ लागलं. समांतर चाललं की पहिली डिस्क कोणती हे नशिबावर गेलं. त्यावर योग्य उत्तर क्रमाचं नव्हतंच: डिस्क यूयूआयडी या तिच्यावरच्या ओळखक्रमांकाने ओळखायची, नेटवर्क कार्ड त्याच्या जागेवरून, जशी सिस्टिमडीने जानेवारी २०१३पासून सोय केली. जुन्या सवयीने एखाद्या सर्व्हरच्या फाइलीत आजही पहिल्या डिस्कचं नाव लिहिणारे आहेत. त्यांचं यंत्र चालतं ते केवळ योगायोगाने.

घाई मात्र खरी गरज आहे. अमेरिकेच्या वाहननियमानुसार गाडी रिव्हर्समध्ये टाकल्यापासून दोन सेकंदांत मागचं दृश्य दिसायला हवं, आणि पुण्यात वाहनांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना निर्यातीच्या गाड्यांसाठी हा आकडा पाळावा लागतो. कॅमेऱ्याची पूर्ण साखळी आधी, गाण्यांचा ब्लूटूथ नंतर, असं कर्नलला सांगायची सरळ सोय आजही नाही. डेव्हलिंक कुणाला थांबवायचं ते जाणते, कुणाला पुढे काढायचं ते नाही. मंडळी मग मॉड्यूलांची यादी हाताने लावतात, काही ड्रायव्हर अंगभूत करतात, काही समांतर सोडतात, आणि दर नव्या कर्नलबरोबर घड्याळ लावून पुन्हा मोजतात. या आढाव्यातली सगळ्यांत मोठी रिकामी जागा मला हीच दिसते. गरजांचा आलेख आता कर्नलपाशी तयार आहे; एखाद्या टोकाला प्राधान्य दिलं की त्यामागची सगळी साखळी पुढे ओढता येईल, इतकी माहिती त्यात आहे.

जालना-संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या ज्या मुलामुलींच्या हाती रास्पबेरी पाय किंवा बीगलबोन आहे, त्यांना हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. बूटच्या ओळीत इनिटकॉल_डीबग लिहिलं की कोणता ड्रायव्हर कधी सुरू झाला आणि त्याने किती मायक्रोसेकंद घेतले ते नोंदीत उतरतं. डीबगएफएसमधली डिव्हायसेस_डिफर्ड ही फाइल वाचली की कोण अजून ताटकळत आहे आणि कशासाठी, ते कळतं. सेन्सर चालेना म्हणून ड्रायव्हरमधला मॉड्यूल_इनिट बदलून लेट_इनिटकॉल लावायचा सल्ला नेटवर सर्रास मिळतो. तो घेऊ नये. त्याने त्या एका बोर्डावर त्या दिवशी काम होतं, आणि खरी उणीव, म्हणजे डिव्हाइस ट्रीत न लिहिलेला रेग्युलेटर, तशीच राहते. तो रेग्युलेटर लिहावा, आणि बोर्ड मुख्य प्रवाहात असेल तर ती दुरुस्ती तिथे पाठवावी. अशा दोन-चार ओळींच्या दुरुस्त्या कर्नलमध्ये नियमित स्वीकारल्या जातात, आणि तोच बोर्ड वापरणाऱ्या कुणालाही मग ते कोडं पुन्हा सोडवावं लागत नाही.